रंगनाथ मास्तरांचा गाळलेला धडा

एका भल्या माणसाची मी मांडवभर लोकांसमोर टर उडवली आणि टाळ्या घेतल्या. त्या टाळ्या मला तेव्हा फार गोड लागल्या, हेही इथेच सांगून टाकतो. पुढे सांगायची हिंमत होईल याचा भरवसा नाही. पण नुसत्या कबुलीने तुम्हाला काही कळायचं नाही. आधी रंगनाथ मास्तर कळायला हवेत, आणि मास्तर कळायचे तर तुम्हाला त्यांच्या खुर्चीत बसवायला हवं.

ग्वाल्हेरला लश्कर भागात, जयेंद्रगंजमध्ये आमच्या घरापासून चार घरं सोडून दोन खोल्यांवर एक पाटी होती: 'आदर्श केशकर्तन विद्यालय. प्राचार्य, रंगनाथ मास्तर.' त्याखाली बारीक अक्षरांत, नाइलाजाने लिहिल्यासारखं, 'येथे केसही कापले जातात.'

तुम्ही खुर्चीत बसलात की मास्तर कात्रीला हात लावत नसत. आधी केसांवर पावडर शिंपडत. मग कंगव्याच्या टोकाने तिच्यात रेघा ओढून डोक्याच्या हद्दी आखत. दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून बघत. याला ते 'पैमाइश' म्हणायचे. जमिनीची होते तशी डोक्याची. ती झाल्यावर भिंतीशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांकडे वळून निकाल सांगत. डोकी तीन प्रकारची: मैदानी, पहाडी आणि बीहड. बीहड म्हणजे चंबळेकाठच्या घळी. माझ्या डोक्याला दोन भोवरे आहेत, त्यामुळे मी बीहड.

"या, सगळे जवळ या!" मला बघून मास्तरांना आनंदच व्हायचा. "ये देखो. इथे कात्री शिरते आपल्या मर्जीने, पण बाहेर येते केसांच्या मर्जीने. घाई नहीं करनी. रस्ता विचारत विचारत जाना."

चारही विद्यार्थी माझ्या डोक्यावर वाकायचे. ती मुलं भिंड-मुरैनाकडची, त्यांना मराठी येत नव्हतं. मास्तरांना हिंदी येत होतं, पण उत्साह वाढला की ते मराठीत घसरायचे. त्यामुळे शिकवणी अर्धी या भाषेत, अर्धी त्या भाषेत चालायची आणि मुलांना सगळं समजायचं. ती त्यांना 'मास्साब' म्हणायची.

"मास्तर, जरा लहान करा, आणि लवकर. कचेरीला जायचंय," मी म्हणायचो.

"आपण गिऱ्हाईक आहात की परीक्षक, बाळासाहेब?"

"अहो, डोकं माझं आहे!"

"डोकं आपलं आहे, पण बघायचं लोकांना आहे!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यापुढे वाद संपायचा, केस मात्र संपायचे नाहीत. अर्ध्या डोक्यावर थांबून ते मुलांना प्रश्न विचारायचे. एकाने चुकीचं उत्तर दिलं म्हणून मी एकदा डावी बाजू तशीच घेऊन कचेरीत गेलो होतो. उजवीकडचा बाक मला सभ्य समजला. डावीकडच्या बाकाने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मास्तर शिक्षक कसे झाले, ती हकिगत ते स्वतः रंगवून सांगत. त्यांचे वडील एका सरदारांच्या पदरी होते. सरदारसाहेबांची दाढी-मिशी हे त्या घराण्याचं वंशपरंपरागत काम, ते मास्तरांकडे आलं. मग संस्थान विलीन झालं. सरदारसाहेबांच्या घरचे हत्तीवाले गेले, भालदार गेले, शेवटी मास्तरांना बोलावणं आलं.

"साहेब म्हणाले, रंगनाथ, उद्यापासून आमची आम्ही करणार. बाजारातून सेफ्टी मशीन आणलंय. मी मुजरा केला नि आलो. तिसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस धावत आला. जाऊन बघतो तो काय, हनुवटीवर पट्ट्याच पट्ट्या! पानिपताहून आल्यासारखे. मला म्हणतात, रंगनाथ, आम्हाला शिकव. तेव्हा, बाळासाहेब, माझा पहिला विद्यार्थी म्हणजे खुद्द सरदारसाहेब. पंधरवड्यात तयार केला. थोडा मंद होता, पण मेहनती."

इथे मास्तर वस्तरा चामड्यावर फिरवत आणि गंभीरपणे म्हणत, "मी वरच्या वर्गापासून शिकवत खाली आलोय. म्हणून माझा पाया पक्का."

त्या दिवसांत राज्य सारखं बदलत होतं, आणि प्रत्येक बदल मास्तर आमच्या डोक्यांवर नोंदवून ठेवत होते. 'विलीनीकरण' नावाची त्यांची एक तऱ्हा होती. तिच्यात बाजूचे केस वरच्या केसांत असे मिसळायचे की हद्द कुठे होती हे हद्दीलाही आठवू नये. पुढे मध्यभारत झालं. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. मास्तरांनी लगेच 'मध्यभारत' तऱ्हा काढली: हिवाळ्यात केस कानांवर मुक्कामाला, उन्हाळा लागला की सगळं बिऱ्हाड वर. आणि राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला गेली, आमच्या कचेऱ्यांची कपाटं मालगाडीत चढली, तेव्हा मी बदलीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे केस कापायला गेलो. मन उदास होतं. मी डोळे मिटून बसलो, हीच चूक झाली. उघडले तेव्हा चहूकडून सपाट आणि मधोमध एक जुडगा उभा.

"हे काय, मास्तर?"

"भोपाळ," मास्तर म्हणाले. "सगळीकडचं उचलायचं आणि एका जागी नेऊन ठेवायचं. मी काढलेलं नाही, सरकारने काढलंय."

भोपाळला नवीन साहेबांपुढे मी महिनाभर टोपी घालून वावरलो. साहेबांना वाटलं मी फार जुन्या वळणाचा आहे. त्यांनी माझ्यासमोर सिगारेट ओढायची सोडली.

विद्यालयाची परीक्षाही सांगितली पाहिजे. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने उतरवायचा. फुगा फुटला की विद्यार्थी नापास. परीक्षा रस्त्यावर व्हायची, कारण आत जागा नव्हती आणि मास्तरांना प्रेक्षक आवडायचे. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत. ते दुपारी झोपलेले असताना पहिलाच फुगा फुटला. चंबळेचे बागी, म्हणजे डाकू, आले असं समजून सुभेदार बंदूक घेऊन गच्चीवर, खाली मास्तर हात वर करून ओरडताहेत, "सुभेदारसाहेब, नापास झालाय! फक्त नापास झालाय!"

तर असे मास्तर. आणि अशा माणसाने पुस्तक लिहिलं.

'केशकर्तन प्रवेश' मराठीत होतं. मुलांना मराठी येत नाही, मग मराठीत का, असं मी विचारलं तेव्हा ते जरा लाजले. "शिकवता मला दोन्हीत येतं," म्हणाले, "पण लिहायला बसलो की आईचीच भाषा येते." पुस्तक छापून झालं आणि प्रकाशनाची वेळ आली. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ते करायचं ठरलं. पुस्तकाचा परिचय करून द्यायला मास्तरांनी मला सांगितलं. मी शाळेत वक्तृत्वात ढाल मिळवली होती, ही गोष्ट मी त्यांना त्यांच्या खुर्चीत बसूनच अनेकदा ऐकवली होती.

मी भोपाळहून दोन दिवस आधी आलो. भाषण लिहून काढलं होतं. गंभीर, चांगलं भाषण होतं. आजही ते मला पाठ आहे, कारण ते कधी झालंच नाही.

मांडव भरलेला. पहिल्या रांगेत मास्तर, अंगात काळा बंद गळ्याचा कोट. शेजारी चारही विद्यार्थी, केसांना तेल, पायांत उसने बूट. मास्तरांनी त्यांना सांगून आणलं होतं की आज शिकलेली माणसं आपल्या कामाबद्दल बोलणार आहेत. मी उभा राहिलो. पुस्तकाची कल्पना यावी म्हणून एक उतारा वाचला:

'बोलके गिऱ्हाईक. त्याच्या वाक्याला पूर्णविराम येईपर्यंत वस्तरा उचलून धरावा. पूर्णविराम येतच नसल्यास त्यास उद्या बोलवावे.'

लोक हसले. मास्तरही हसले, कारण ते वाक्य हसण्याजोगंच होतं. तिथे मी माझ्या कागदाकडे वळायला हवं होतं. पण हशाची चव लागली. मी दुसरा उतारा वाचला, या वेळी मास्तरांच्या आवाजात. एक डोळा मिटला. दोन पावलं मागे सरलो. मांडवात हास्याची लाट उठली. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे वा! हुबेहूब!" वकीलसाहेब, आमचे अध्यक्ष, रुमालाने डोळे पुसत होते. मग मी पानं उलटून आणखी गमतीचं काही शोधू लागलो आणि मला 'न बोलणारे गिऱ्हाईक' हा धडा सापडला.

'आजाराने ज्याची वाचा गेली आहे त्याची दाढी करताना त्याच्याशी बोलत राहावे. प्रश्न विचारावा. त्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढे थांबावे. मग "बरोबर आहे" असे म्हणून पुढे जावे. त्याला आपले म्हणणे पटले नाही तर कपाळाला आठी पडते. तशी पडल्यास आपले मत ताबडतोब बदलावे.'

हे मी नुसतं वाचलं नाही, करून दाखवलं. व्यासपीठावरच्या एका रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राहून तिला प्रश्न विचारले, थांबलो, मान डोलावली, "बरोबर आहे, बरोबर आहे!" मग घाबरून मत बदललं. लोक खुर्च्यांवर मागे रेलून हसत होते. बायकांच्या बाजूला माझी आई बसली होती. तिच्याकडे मी बघितलं नाही, टाळ्यांकडे बघत होतो.

मास्तर आता हसत नव्हते. विद्यार्थ्यांना मराठी कळत नव्हतं, पण मास्साबांची नक्कल कळत होती आणि लोक कोणाला हसताहेत हेही कळत होतं. कार्यक्रम संपला. मास्तर उठले, गणपतीला नमस्कार केला, मला नमस्कार केला, आणि पुस्तकांची ट्रंक मुलांच्या हाती देऊन निघून गेले. ती उघडायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्यासाठी फराळाचा डबा भरत होती. दुपारची गाडी होती. तिने विचारलं, "तो धडा कोणाचा होता, माहीत आहे तुला?"

"मास्तरांचा," मी म्हणालो.

"तुझ्या वडिलांचा."

दादांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी भोपाळला होतो. शेवटचं वर्षभर त्यांना बोलता येत नव्हतं. मी दोन-अडीच महिन्यांनी एकदा येऊन त्यांच्या उशाशी बसायचो आणि काय बोलावं न सुचून वर्तमानपत्र वाचायचो. मनात. मास्तर रोज येतात असं आईच्या पत्रांत असायचं. दाढी करायला येत असतील, एवढंच मी समजलो.

"दाढी घटकाभरात व्हायची," आई सांगत होती, "पण तो माणूस तासभर बसायचा. रोज भांडायचे दोघं. हा म्हणायचा, दादासाहेब, राजधानी भोपाळला गेली ते चांगलंच झालं, नाही का? आणि थांबायचा. की यांच्या कपाळाला ही आठी! जन्म गेला यांचा ग्वाल्हेरच्या महसूल खात्यात, यांना कसं पटणार? मग तो म्हणायचा, बरं बरं, नाही पटत? भोपाळ रद्द! आत्ताच्या आत्ता रद्द! उद्यापासून राजधानी इथे आपल्या गोरखीच्या वाड्यात. मग हे हसायचे. तोंडाच्या एका बाजूने, फेसातून. दिवसभरात तेवढंच हसायचे रे ते." तिने डब्याचं झाकण लावलं. "काल मला तेच दिसत होतं सगळं. आणि लोक हसत होते."

माझी गाडी दुपारी होती, अजून वेळ होता. मास्तरांचं विद्यालय चार घरांवर होतं. मी गेलो नाही. टांगा त्यांच्या दारावरून गेला तेव्हा मी पायाशी ठेवलेल्या वळकटीत काही तरी शोधत होतो. वळकटीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर काही वर्षं मी ग्वाल्हेरला गेलो की मागच्या गल्लीने घरी जायचो. केस भोपाळलाच कापून घ्यायचो. मास्तरांची बातमी मात्र कानावर यायची, आणि ती चांगली असायची. विद्यार्थी वाढले होते. पाटणकर बाजारात, मोरारला, झाशीला त्यांच्या मुलांनी दुकानं काढली होती. मास्तरांनी स्वतःच पुस्तकाचं हिंदी केलं होतं. मी स्वतःची समजूत काढली: बघ, त्यांचं काही बिघडलेलं नाही.

मग एक दिवस भोपाळला एका नव्या दुकानात शिरलो. दुकानदार तरुण होता. त्याने माझ्या केसांवर, म्हणजे जे शिल्लक होते त्यांवर, पावडर शिंपडली. दोन पावलं मागे गेला आणि एक डोळा मिटून म्हणाला, "बाबूजी, बुरा मत मानिएगा, आपका बीहड है. मगर अब उजड रहा है."

तो मास्तरांचा विद्यार्थी, रामसेवक. मला त्याने ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही. आरशाखाली हिंदी पुस्तक ठेवलेलं होतं, हाताळून हाताळून मऊ झालेलं. मी चाळलं. बोलके गिऱ्हाईक होतं, रडणारं मूल होतं, घाईतला नवरदेव होता. न बोलणारे गिऱ्हाईक नव्हतं.

"बीमार आदमी की हजामत वाला पाठ इसमें नहीं है?" मी विचारलं.

"था, पहले था," रामसेवक म्हणाला. "मास्साबने निकाल दिया. कहते हैं, उस पर लोग हँसते हैं. अब सिखाते भी नहीं."

त्याच आठवड्यात मी ग्वाल्हेरला गेलो आणि या वेळी पुढच्या रस्त्याने गेलो.

मास्तर थकले होते, पण केस काळेभोर रंगवलेले, कडक भांग. भिंतीशी विद्यार्थ्यांची रांग. मला बघून त्यांनी हात पसरले. "या, या, सुपरिंटेंडेंटसाहेब! अरेरे, भोपाळने आपल्या डोक्यावर काहीच ठेवलं नाही की! बसा."

"मास्तर, मी बसायला आलो नाही. मला काही—"

"उभ्याने दाढी होत नाही." त्यांनी मला खुर्चीत दाबलं आणि फेस लावायला सुरुवात केली.

"मास्तर, त्या गणपतीत मी जे—" तोंडावरून ब्रश गेला. मी फेस पुसला. "मी जे केलं—" पुन्हा ब्रश. माफी मागायला तोंड लागतं आणि तेच त्यांच्या ताब्यात होतं. अर्धा गाल झाला तेव्हा ते वस्तरा पुसायला थांबले. मी त्यांचं मनगट धरलं.

"आईने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी आलो नाही. तो धडा तुम्ही माझ्यामुळे काढलात."

मास्तरांनी मनगट सोडवून घेतलं आणि वस्तरा पुसला.

"माझी नक्कल चांगली केली होती आपण," ते म्हणाले. "डोळा मी डावा मिटतो, आपण उजवा मिटला, तेवढंच. मला त्याचं काही नाही, बाळासाहेब. पण तेव्हाची ती पोरं... त्यातला एक दुसऱ्या दिवशी सांगून गेला, मास्साब, ये काम मुझसे नहीं होगा. परत आला नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि खरं सांगू? दादासाहेब गेले आणि माझं मत बदलायला लावणारं कोणी उरलं नाही. हे सगळे हो ला हो करतात. मी काहीही बोललो तरी, जी मास्साब. सकाळी इथे येण्याआधी तासभर आता करू तरी काय? तो धडा लिहिला तेव्हा वाटलं होतं, चला, भांडण चालू राहील. जाऊ द्या. माफी माझी नका मागू."

"मग कोणाची मागू?"

त्यांनी नुसतं रांगेकडे बघितलं. "मराठी येत नाही त्यांना."

मी उठलो. गळ्यात पंचा, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. मराठी पुस्तकाची प्रत कपाटात होती. ती मी मागून घेतली आणि तो धडा काढून हिंदी करत करत वाचला, माझ्या स्वतःच्या आवाजात. एक मुलगा सुरुवातीला हसला, बहुधा माझ्या गालाला. मी वाचत राहिलो. आठी पडल्यास मत बदलावे, इथपर्यंत आलो तेव्हा कोणी हसत नव्हतं.

"ये बीमार आदमी मेरे पिताजी थे," मी त्यांना म्हणालो. "मास्साब साल भर रोज उनके पास बैठे. मैं नहीं बैठा. फिर मैंने भरी सभा में इसी पाठ की हँसी उडाई, तुम्हारे मास्साब के सामने, और तुम्हारे जैसे लडकों के सामने. हँसने की बात इसमें थी ही नहीं. ये पाठ तुम लोग सीख लेना. मुझसे बहुत बडी गलती हुई. मैं तुम सबसे माफी माँगता हूँ."

मग मी मास्तरांकडे वळलो. त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलायला हवं होतं.

"मास्तर, माझं चुकलं. आणि यायला इतकी वर्षं लावली, तेही चुकलं. मला माफ करा."